वैऱ्याच्या दगडाचं पाणी

केरोबा महाराज त्या दुष्काळात निंबखोरीला आले, पण गावात शिरलेच नाहीत. निंबखोरी आणि वरच्या अंगाची आंबखोरी यांच्या शिवेवर वीरगळ आहेत, म्हणजे मारामारीत पडलेल्या माणसांचे उभे दगड. महाराजांनी तिथेच घोंगडी अंथरली. एकेका दगडावरून हात फिरवत म्हणाले, "या जुन्यावर गाई कोरल्यात. हा गाईंपायी मेला बिचारा. तो कुरणापायी. हे अलीकडचे पाण्यापायी. अरे, कधी थांबणार रे बाबांनो!" आणि महाराजांच्या डोळ्यांना धार लागली.

तिथे रोज सकाळी धुरपाबाई येई. तिचा नवरा रामजी पाण्याच्या भांडणात आंबखोरीच्या बहिर्जीच्या हातून पडला, आणि पडता पडता त्याने बहिर्जीलाही लोळवलं. दोघांचे दगड शेजारी शेजारी. "पाणी, पाणी" करत रामजीने प्राण सोडला, हे कळल्यापासून त्या माउलीच्या घशाखाली सुखाने घोट उतरला नव्हता. घरात असेल त्या पाण्यातलं तांब्याभर ती आणी, अर्धं नवऱ्याच्या दगडावर घाली आणि अर्धं बहिर्जीच्या.

एकदा निंबखोरीच्या मानाजी पाटलाने ते पाहिलं. म्हणाला, "धुरपे, हितं माणसं तहानेनं तडफडत्यात आन् तू दगडांना पाजतीस? ते बी वैऱ्याच्या? डोकं फिरलंय का तुझं?" सोबतचे लोक खदखदा हसले.

"त्यो बी तान्हेलाच ग्येला आसंल की वो, पाटील."

"त्या दगडाम्होरं वाकायचं म्हंजी गावाचं नाक कापायचं. माझी मान तुटंल, पर वाकायची न्हाई!"

"पाटील, असं बोलू नये," महाराज हळूच म्हणाले. पाटील मिशीला पीळ देत निघून गेला. धुरपाबाईचे डोळे भरून आले. "म्हाराज, माझं पानी पोचतं का वो त्यास्नी?"

"पोचतं, माय. थेंबही वाया जात नाही," महाराज म्हणाले.

पुढे ऊन आणखी तापलं. ओढ्यावर दोन्ही गावांचा मिळून एक बांध होता आणि पाणी पाळीपाळीने घ्यायची जुनी रीत होती. पाळी आली निंबखोरीची, तर आंबखोरीकरांनी बांधाची मोरीच बुजवून टाकली! महाराजांनी दोन्ही गावांत घरोघर हात जोडले, पण कुणी ऐकेना. पाटील माणसं घेऊन कुदळी-कुऱ्हाडींनिशी निघाला. धुरपाबाई वाटेत आडवी पडली. "पाटील, हैबतीला तरी नेऊ नका! एकुलतं लेकरू हाय वो तुमचं!"

"हो बाजूला!" पाटील खेकसला.

आणि काय सांगावं! हे बांधावर कुदळी घालतात, ते यांना ढकलतात, आणि त्या झोंबाझोंबीत अख्खा बांधच फुटला. दोन्ही गावांचं पाणी डोळ्यांदेखत वाळूत जिरून गेलं. ना यांना मिळालं, ना त्यांना. तरीही हाणामारी चालूच! आता कशासाठी लढत होते, देव जाणे.

हैबतीच्या पोटात कुऱ्हाड बसली. पाटलाने त्याला उचलून वीरगळांच्या सावलीला आणलं. "आबा, पाणी," पोर पुटपुटलं. पाटील वेड्यासारखा सैरावैरा धावला. "घोटभर पाणी द्या रे कुणीतरी!" पण बांध फुटलेला, गाव लांब, आणि धुरपाबाईचा तांब्या सकाळीच दगडांवर रिकामा झालेला. पाणी आणायचं कुठून?

"धुरपा," महाराज म्हणाले, "तू इतके दिवस दिलंस, आज माग."

धुरपाबाईने बहिर्जीच्या दगडाला मिठी मारली, आपलं कुंकू पुसणाऱ्याच्या दगडाला! "दादा, मला नगं रं. त्या लेकराला दे."

आणि त्या कोरड्या दगडाला पाझर फुटला! तळाशी, अगदी जमिनीलगत बारीक धार लागली. इतकी खाली, की दगडाला कपाळ टेकल्याशिवाय ओंजळ पोचेना. पाटील क्षणभर उभाच राहिला. मग धाडकन गुडघ्यांवर आला, वैऱ्याच्या दगडावर कपाळ टेकवलं आणि ओंजळ भरून घेतली.

हैबती पाणी प्यायला. बापाकडे बघून हसल्यासारखं केलं आणि त्याने मान टाकली.

"म्हाराज!" पाटलाने हंबरडा फोडला. "दगडाला पाझर फोडलात, मग माझं पोर का न्हाई वाचवलं?"

महाराज स्वतःच रडत होते. "तहान भागवली देवाने, पाटील. पोराला बांधावर कुणी नेलं?"

तेवढ्यात आंबखोरीचा एक जण जखमी भावाला पाठीवर घेऊन आला आणि पाटलाला पाहून दूरच थबकला. पाटील उठला, सरकला आणि म्हणाला, "ये. पाज त्याला." मग धुरपाबाईच्या पायांवर त्याने पागोटं ठेवलं. "वैनी, माझ्या हैबतीचा बी दगड आता हितंच हुबा ऱ्हाईल. त्याला घालशीला ना वो पानी?"

धुरपाबाईने त्याला उठवलं आणि आपला रिकामा तांब्या त्याच्या हातात दिला. "तुमीच घाला, भावजी. पर आदी बहिर्जीला घाला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाटील तांब्या घेऊन वीरगळांपाशी आला. पुढे मरेपर्यंत त्याने ते व्रत सोडलं नाही, आणि त्या शिवेवर त्याच्या हयातीत हैबतीनंतर दगड उभा राहिला नाही.