हयात माणसाची पोथी

कृष्णाकाठच्या एका गावी एक वृद्ध शास्त्री जुन्या हस्तलिखितांचे वाचन शिकवीत असत. कसर लागलेल्या पानावरचे अर्धे अक्षर पाहून ते पूर्ण शब्द सांगत. त्यांच्याकडे मिहीर नावाचा एक अबोल तरुण शिकायला येई. चार माणसांत गेला की तो कोपऱ्यातली जागा धरून बसे. पोथ्यांच्या सहवासात मात्र तो रमून जाई.

एका सकाळी त्याने धीर करून आपला मोबाइल शास्त्रीबुवांपुढे ठेवला.

"गुरुजी, एवढं वाचून अर्थ सांगाल?"

ऋजुता नावाच्या मुलीशी त्याची एका अ‍ॅपवर ओळख झाली होती. दोनदा भेटीही झाल्या होत्या. एखाद्या दिवशी ती तासन्‌तास मेसेज करी, मग चार-चार दिवस शांत. तिसऱ्या भेटीबद्दल त्याने विचारले, तेव्हा उत्तर आले होते, ‘हो, बघू या.’ पुढे एक हसरा चेहरा.

"यातलं ‘हो’ खरं, की ‘बघू या’ खरं? दोन दिवस हेच वाचतोय."

शास्त्रीबुवांनी मोबाइल बाजूला सारला. कागदाच्या कपट्यावर एक ओळ लिहून त्याच्या हाती दिली. "आधी हे वाच."

‘उद्या येताना’ आणि ‘आण’ हे स्पष्ट होते. मधला शब्द मात्र नुसती गिचमिड. मिहीरने भिंग घेतले, कागद खिडकीपाशी धरला, गुरुजींच्या जुन्या टिपणांतली अक्षरे ताडून पाहिली. शास्त्रीबुवा हातभर अंतरावर चटईवर बसून त्याच्याकडे कुतूहलाने पाहत होते. दुपार झाली.

"‘मध’ असावं. किंवा ‘मेण’. ‘मेथी’सुद्धा शक्य आहे."

"हे लिहिणारा कुठे आहे?"

"…इथेच."

"मग त्याला विचारलं का नाहीस?"

मिहीर ओशाळला. "वाटलं, तुम्ही म्हणाल, एवढंही कळत नाही?"

"अरे, पोथीचा कर्ता शेकडो वर्षांपूर्वी गेलेला असतो, म्हणून आपण तर्क करतो. तो आपला नाइलाज. हयात माणसावर हा प्रयोग करू नये. आणि खरं सांगू? त्या जागी शब्दच नाही. काय मागवावं हे माझंच ठरलं नव्हतं, म्हणून हात नुसता फिरवला. लिहिणाऱ्याचंच मन ठरलेलं नसेल, तर भिंगाला काय सापडणार?"

"पण मला बोलणं जमत नाही, गुरुजी."

"बडबड कर असं कोण म्हणतंय? एक सरळ प्रश्न विचार, आणि येईल ते उत्तर ऐकायची तयारी ठेव. मितभाषी माणसाला तेवढं पुरतं."

मिहीरने लिहिले, ‘तुझ्या उत्तराचा अर्थ मला लागला नाही. भेटायचं नसेल तरी चालेल, पण स्पष्ट सांगशील?’ पुन्हा न वाचता पाठवून दिले.

संध्याकाळी उत्तर आले. ‘भेटायचंय. पण तू जवळचा वाटायला लागलास की मला भीती वाटते, मग मी गप्प होते. तुझं काही चुकलेलं नसतं.’

मिहीरने ते एकदाच वाचले. इतके दिवस तिच्या प्रत्येक शब्दात तो स्वतःविषयीचाच निकाल शोधत होता. तिच्याही मनात काही चालले असेल, हे त्याच्या ध्यानीच आले नव्हते.

त्याने लिहिले, ‘भीती कशाची वाटते?’ आणि या वेळी, काही न ताडता, तो उत्तराची वाट पाहू लागला.