खोकडाचा पत्ता

एका गावात एक फोटोवाला राहत होता, आणि त्याच्या फोनमध्ये अख्खं गाव राहत होतं. फोटोवाल्याचं नाव चांगदेव निमसे. गावातली लग्नं, बारशी, साखरपुडे, सत्कार, सगळ्यांचे फोटो तोच काढायचा. पुढे घरोघरी कॅमेऱ्याचे फोन आले आणि जो तो स्वतःच फोटो काढू लागला. चांगदेव रुसला नाही. त्याने फोनवर एक ग्रुप काढला, 'आपल्या गावचे फोटो' असं त्याला सरळ नाव दिलं आणि साऱ्या गावाला आत घेतलं. पोटासाठी पुण्याला, सुरतेला गेलेली माणसंही त्यात आली. सकाळचा चहा होण्याआधी गाव तो ग्रुप उघडायचं.

जुन्या गोष्टींत राजा असतो, या गोष्टीत ॲडमिन आहे. फरक फार नाही. राजा हद्दपार करायचा, ॲडमिन काढून टाकतो. चांगदेव मात्र राजा म्हणून बरा होता. त्याचा कायदा एकच. फोटोखाली दोन गोष्टी लिहायच्या: कोण आणि कुठे. 'कोण: आमची ताई. कुठे: लक्ष्मीआईचं देऊळ.' एवढं लिहिलं नसेल तर फोटो गेला. या कायद्याला कारण घडलं होतं. एका बहाद्दराने बर्फाच्या डोंगराचा फोटो टाकला आणि 'काल मी काढला' म्हणून सांगितलं. काल तो दिवसभर चांगदेवच्या स्टुडिओसमोरच्या सलूनमध्ये गप्पा मारत बसला होता! तेव्हापासून कोण आणि कुठे. गावाच्या ते इतकं अंगवळणी पडलं की लोक आपल्या देव्हाऱ्याच्या फोटोखालीही 'कुठे: घरी' असं लिहीत.

त्याच गावच्या दवाखान्यात एस्तेर भिंगारदिवे नावाची परिचारिका होती. गाव तिला सिस्टर म्हणायचं. निम्म्या गावाला तिने सुई टोचलेली, त्यामुळे तिच्याशी कोणी चढ्या आवाजात बोलत नसे. रविवारी चर्चमधून आली की सिस्टर कॅमेरा गळ्यात अडकवायची आणि गावामागच्या माळावर जायची. गावाच्या मते माळावर काहीच नव्हतं. दगड, कुसळी गवत आणि ऊन. सिस्टरच्या मते तिथे भरगच्च वस्ती होती, फक्त ती कोणी मोजली नव्हती.

एक दिवस तिने ग्रुपवर फोटो टाकला. 'कोण: चंडोल. कुठे: आपला माळ.' मुठीएवढा पक्षी दगडावर उभा राहून गळा फुगवून गात होता. ग्रुपला कळेना याचं करावं काय. एकाने विचारलं, "हे कोणाकडचे पाहुणे?" दुसरा म्हणाला, "वाढदिवस आहे का यांचा?" पुढच्या खेपेला सिस्टरने गळ्याचा पंखा उघडणारा सरडा टाकला. त्याच्या पुढच्या खेपेला कोळी टाकला, आणि तिथे ठिणगी पडली.

झालं असं, की दूध डेअरीचे चेअरमन भास्करनाना यांनी नातवाच्या जावळाचा फोटो टाकला होता. त्यावर पाठोपाठ सिस्टरचा कोळी आला. ज्याने फोन उघडला त्याला आधी कोळी दिसला, मग नातू. नाना तडक स्टुडिओत आले.

"चांगदेव, हा ग्रुप माणसांचा हाय का किडामुंगीचा?"

चांगदेवला खरं तर सिस्टरचे फोटो आवडत होते. त्याचा सारा जन्म माणसांना 'हसा, हसा' म्हणण्यात गेला होता. कोणी न सांगता इतकं छान उभं राहतं, हे त्याला नवीन होतं. पण चेअरमनला तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती होईना. त्याने मधला मार्ग काढला. रविवार पाखरांचा, किड्यांचा, झाडांचा. बाकीचे दिवस माणसांचे. लोकांना पटलं तर रविवार पुढे चालू ठेवायचा, नाही तर बंद.

"बघू," नाना म्हणाले. नानांचा 'बघू' म्हणजे काय, ते गावाला माहीत होतं.

सिस्टरला मात्र रविवार मिळाल्याचा इतका आनंद झाला की दवाखान्यात दिवसभर ती गुणगुणत होती. आजवर माळावर पाहिलेलं सगळं तिने एकटीनेच पाहिलं होतं. ते दाखवायला आता जागा मिळाली. हळूहळू लोकही वळले. कोणी फुललेला पळस टाकला, कोणी विहिरीतलं सुगरणीचं घरटं टाकलं. सुरतेच्या कापडगिरणीत असलेल्या एकाने चंडोलाखाली लिहिलं, "लहानपणी गुरं राखताना हा रोज दिसायचा. नाव आज कळलं." तो निरोप सिस्टरने पुन्हा पुन्हा वाचला.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी तिने तो फोटो टाकला. 'कोण: खोकडाची पिल्लं.'

खोकड म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा. मांजरापेक्षा थोडा मोठा, शेपटीचं टोक काळं. बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं होती. एक दुसऱ्याचा कान धरून ओढत होतं, तिसरं उताणं पडलं होतं, चौथं थेट बघणाऱ्याकडे बघत होतं. शेजारी आई डोळे मिटून पेंगत होती, लेकरांनी दमवलेल्या कुठल्याही आईसारखी. ग्रुप नुसता वेडा झाला. भास्करनानांनीही फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, पण तसं कोणाला सांगितलं नाही.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की 'कुठे' लिहिलेलं नाही.

"सिस्टर, कुठे?"

"ते सांगणार नाही," सिस्टरने लिहिलं.

एकच गलका झाला. कोणी म्हणालं, नेटवरून उचललाय. कोणी म्हणालं, कायदा सगळ्यांना सारखा. ज्यांचा तिच्यावर विश्वास होता ते तर जास्तच मागे लागले. "सांगा ना, संध्याकाळी पोरांना घेऊन जातो. भेळ बांधून नेतो." शेवटी नानांनी लिहिलं, "चांगदेव, कायदा तुझा आहे. फोटो काढून टाक. रविवारपण काढून टाक."

चांगदेवने सिस्टरला स्टुडिओत बोलावलं. तिने कॅमेरा त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यात त्याच पिल्लांचे कितीतरी फोटो होते, झोपतानाचे, भांडतानाचे, काही धूसर आलेले.

"फोटो तुमचाच आहे, मला दिसतंय," चांगदेव म्हणाला. "पण गावाला काय सांगू? जागा सांगून टाका, सिस्टर. रविवार कायमचा तुमचा."

"जागा सांगितली तर तिथे जत्रा भरेल, चांगदेवभाऊ. मग रविवार राहील, पिल्लं राहायची नाहीत." तिचा आवाज बारीक झाला. रविवार तिला फार हवा होता. "काढून टाका फोटो. मलाही काढा हवं तर."

चांगदेवला वाईट वाटलं. त्याने डोकं खाजवलं. "असं करा, मला एकट्याला दाखवा. मी डोळ्यांनी बघितलं असं म्हणालो की गाव ऐकेल."

सिस्टरने बराच विचार केला. मग तिने अटी घातल्या. मातकट कपडे घालायचे. ती थांबेल तिथेच थांबायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. चांगदेवने सगळ्याला मान हलवली. मातकट शर्ट घालून तो वेळेवर आला, पण निघताना सवयीने लग्नाचा मोठा कॅमेरा फ्लॅशसकट गळ्यात घातला.

ऊन उतरल्यावर दोघं एका उंचवट्याआड पोटावर पडली. पिल्लं बाहेर आली. इतके फोटो काढले आयुष्यात, असं काही त्याने पाहिलं नव्हतं. फक्त एका पिल्लाचं तोंड गवताच्या काडीआड येत होतं.

आता चांगदेव माणूस वाईट नव्हता, पण हाताला वळण लग्नाचं. नवरदेवाची हनुवटी वर करायची, करवलीला जरा आत घ्यायचं, लहान मूल बघत नसेल तर टिचकी वाजवायची. त्याला कळलंही नाही तो कधी उठला. दोन पावलं पुढे गेला, टिचकी वाजवली आणि म्हणाला, "ए बाळा, इकडं बघ!"

आणि फ्लॅश उडाला.

आई एकदाच ओरडली. क्षणात माळावर दगड आणि गवत उरलं. सिस्टर उठली, कपडे झटकले आणि गावाच्या वाटेला लागली. ती रागावली असती तर चांगदेवला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने लांबून दुर्बिणीने पाहिलं. बिळाशी हालचाल नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नव्हती. मग ती जवळ गेली. बीळ रिकामं होतं आणि तोंडाशी कुत्र्यांची पावलं उमटलेली होती. माळाच्या कडेला खाटीक कापलेल्या कोंबड्यांची घाण टाकत, त्यावर ती कुत्री जगत. तिने चांगदेवला फोन केला.

"आईने पिल्लं हलवलीत. एकेक तोंडात धरून नेते ती. चारही पोचली का, ते मला माहीत नाही."

चांगदेवला त्या दिवशी घास गिळेना. बायकोने विचारलं, "काय होतंय?" तो म्हणाला, "काही नाही." पण मनात एकच चाललं होतं. मी एकटा गेलो, प्रेमाने गेलो, आणि हे झालं. सगळं गाव भेळ बांधून गेलं असतं तर?

गाव त्याच्या शब्दाची वाट पाहत होतं. 'फोटो खरा आहे, मी पाहिला' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. बाकीचं कोणाला कळलं नसतं. सिस्टर चुगली करणाऱ्यातली नव्हती. चांगदेव बराच वेळ फोन हातात धरून बसला. मग त्याने लिहिलं:

"फोटो खरा आहे. मी पाहिला. मला लांब थांबायला सांगितलं होतं, मी जवळ गेलो, टिचकी वाजवली, फ्लॅश मारला. आता बीळ रिकामं आहे. पिल्लं जिवंत आहेत का, माहीत नाही. चूक सिस्टरची नाही, माझी आहे. कुठे विचारायचा कायदाही माझाच. माणसाचा पत्ता कळला तर पाहुणे येतात. जनावराचा पत्ता कळला तर त्याला घर सोडावं लागतं. आजपासून रानातल्या जिवाच्या फोटोखाली कुठे लिहायचं नाही. लिहिलं तर फोटो काढून टाकीन, मग तो कोणाचाही असो. रविवार चालू राहील. राग आला तर माझ्यावर काढा."

गावाने खोकडाचा तो फोटो पुन्हा उघडला.

थोड्या वेळाने भास्करनाना स्टुडिओत आले. चांगदेव उठून उभा राहिला. आता ग्रुप मोडणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. नाना बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"चारी गेली का रं?"

"माहीत नाही, नाना."

"मघाधरनं त्योच फोटो बघतोय मी." नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "त्या कोंबड्यांच्या घाणीचं मी बघतो. तिथं टाकायचं बंद करायला लावतो. कुत्री तरी लांब जातील." उठता उठता ते म्हणाले, "रविवार ऱ्हाऊ दे. फक्त कोळी नातवाच्या वर नको येऊ देऊ."

पुढचे दिवस वाईट गेले. माळावर जाऊन शोधायचं नाही, असं सिस्टरने बजावलं होतं, कारण शोधणाऱ्याला घाबरून आई आणखी लांब गेली असती. ती फक्त रस्त्यावरून दुर्बिणीने बघायची. ग्रुपवर लग्नाचे फोटो येत होते, पण खाली लोक विचारत, "सिस्टर, काही कळलं का?" सुरतेहूनही तेच विचारणं येई. गावातून एकही माणूस माळाकडे फिरकला नाही. ज्यांना जागेचा अंदाज आला होता, ते तर गुरंही दुसऱ्या बाजूने नेऊ लागले.

आणि एका संध्याकाळी सिस्टर धापा टाकत स्टुडिओत आली. कॅमेरा तिने चांगदेवच्या हातात दिला. फोटो फार लांबून काढलेला, धुरकट. वेगळा उतार, वेगळं बीळ. आई बसलेली. एक पिल्लू. दोन. तीन.

"चौथं?" चांगदेवने घाईने विचारलं.

"पुढचा बघा."

पुढच्या फोटोत चौथं पिल्लू आईच्या मागून बाहेर आलं होतं, तोंडात भला मोठा नाकतोडा धरून.

चांगदेव गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसला. आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करू लागला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला झालं. ग्रुपवर त्याने एवढंच टाकलं: "चारही आहेत." त्यावर गावाने इतके हात जोडले, इतकी फुलं टाकली की फोन अडकून बसला. डेअरीत नानांनी पेढे वाटले. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, "घरातलं हाय."

सिस्टर निघता निघता दारात थांबली. "चांगदेवभाऊ, येता का एकदा? लांबूनच बघू."

चांगदेवला जायचं होतं. फार जायचं होतं. त्याने एकदा दाराबाहेर माळाच्या दिशेला पाहिलं.

"नको, सिस्टर," तो म्हणाला. "चारही आहेत ना? मग माझं बघून झालं."

तात्पर्य: रानातल्या जिवांना आपल्यात जागा जरूर द्यावी, पण त्यांच्या जागेत आपण शिरू नये.