उशिराचा शेक

एकदा एका वृद्ध हाडवैद्याकडे एक शिष्य नऊ वर्षे शिकला. त्याचा हात असा तयार झाला होता, की सांधा कुठे निखळला आहे हे डोळ्यांआधी त्याच्या बोटांना कळे. आता गुरूंची अनुज्ञा मिळाली की दूरच्या नगरात तो स्वतःचे काम मांडणार होता. अनुज्ञेचा दिवस ठरला. त्या दिवशी आलेले रुग्ण शिष्याने एकट्याने पाहायचे आणि गुरूंनी ओसरीवर बसून नुसते बघायचे.

प्रथम आला एक व्यापारी. घोड्यावरून पडून त्याचा खांदा निखळला होता. शिष्याने रीतीप्रमाणे तापलेल्या वाळूच्या पुरचुंडीने घटकाभर शेक दिला, तेल जिरवले, आणि स्नायू सैल पडल्यावर मगच हात ओढला. तरीही व्यापाऱ्याने ओसरी दणाणून सोडली. "झालं, शेटजी, झालं बरं," म्हणत शिष्य त्याला लहान मुलासारखे चुचकारत होता.

पाठोपाठ रानातल्या वस्तीवरची एक काळी, काटकुळी स्त्री आली. मोहाच्या झाडावरून पडली होती. दुखापत तीच, खांदाही तोच. शिष्याने तिला बसवले, हात धरला आणि एका झटक्यात सांधा जागेवर आणला. तिने ओठ दाताखाली धरला. आवाज म्हणून काढला नाही.

"पाहिलंत?" शिष्य कौतुकाने म्हणाला. "ही रानातली माणसं भारी काटक. यांना शेकसुद्धा लागत नाही."

"दगडाची घडवलेली असतात हो," व्यापारी झोळीतला हात सांभाळत हसला.

शिष्याला ते हसणे आवडले नाही. आपण स्तुती केली, याने चेष्टा केली, हा भेद त्याला अगदी स्पष्ट दिसत होता.

एवढ्यात गुरू उठले. त्यांनी पुरचुंडी पुन्हा तापवली, त्या स्त्रीसमोर बसले, "बाई, चुकलं आमचं," म्हणाले आणि तिच्या खांद्याला हलके हलके शेक देऊ लागले.

शिष्य गोंधळला. सांधा नीट बसला नाही की काय? त्याने वाकून चाचपून पाहिले. बसला होता.

"गुरुजी, सांधा बसलाय."

"माहीत आहे."

"मग आता शेक कशाला?"

"द्यायचा राहिला होता म्हणून."

"बुवांचं वय झालं," व्यापारी पुटपुटला. शिष्यालाही क्षणभर तसेच वाटले. पण मग आणखीच विचित्र घडले. हात ओढताना जिचे डोळे कोरडे होते, ती स्त्री या उबेने रडू लागली.

"गुरुजी, मी तर चांगलंच बोललो होतो!"

"बोललास. काटक म्हणालास. तुला कुणी सांगितलं? तिने?"

"सांगायला कशाला हवं? दिसतंच की."

"शेटजींचा तू खांदा पाहिलास," गुरू शांतपणे म्हणाले. "हिचा रंग पाहिलास, वस्ती पाहिलीस, आणि हिला किती दुखत असेल ते परस्पर ठरवून मोकळा झालास. निंदा केली असतीस तर तुझी तुलाच खटकली असती. स्तुती होती, म्हणून निसटली. एखादा शब्द ऐकायला किती गोड आहे याला महत्त्व नाही. त्या शब्दाने कोणाचे श्रम वाचले आणि कोणाला सोसावं लागलं, ते बघावं. आज तुझा घटकाभराचा शेक वाचला."

शिष्याने त्या स्त्रीकडे पाहिले. "पण मग ती ओरडली का नाही?"

"हे मला काय विचारतोस?"

"आणि... माझी अनुज्ञा?"

"हात तयार आहेत तुझे. जायचं तर आत्ता जा."

गुरू रागावले आहेत की नाहीत, हेही त्याला उमगेना. त्याने गाठोडे बांधले, नमस्कार केला आणि पायऱ्या उतरला. अंगणातल्या सावलीत ती स्त्री हात गळ्यात बांधून बसली होती. तिला ओलांडून जाणे त्याला जमले नाही.

"दुखतंय का?" त्याने विचारले.

तिने त्याचा चेहरा निरखून पाहिला. हा थट्टा तर करीत नाही? "खरं सांगू, का तुम्हाला बरं वाटेल ते सांगू?"

"खरं."

"दुखतंय. मघाशी तर जीव जात होता, दादा. पण ओरडले असते, तर रानातली माणसं फार गोंधळ घालतात म्हणाला असतात. गप्प बसले, तर काटक म्हणालात. आता तुम्हीच सांगा, आम्ही नुसतं दुखायचं तरी कसं?"

गाठोडे बाजूला ठेवून शिष्य तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"कुठे दुखतंय, ते सांगा," तो म्हणाला.

ती सांगू लागली. खांद्यापासून सुरुवात झाली आणि बोलणे पुष्कळ दूरवर गेले. त्या दिवशी त्याचे निघणे राहून गेले.