एका ओळीतली माया

राजाच्या पाठशाळेत लेखन शिकवणारे त्र्यंबकशास्त्री विद्वान खरे, पण भारी मानी. माळावरच्या वस्तीतली सगुणा शिकायला आली, तेव्हा ते हसलेच.

"आईची माया एका ओळीत लिहून दाखव. पण 'आई' नको नि 'माया'ही नको. जमलं तर माझी शिष्या, नाहीतर आल्या वाटेनं परत!"

सगुणाला विषय शोधत लांब जावं लागलं नाही. तिनं लिहिलं, 'भाकरी एकच उरली होती; ती म्हणाली, तू खा, आज माझी एकादशी आहे.'

शास्त्रीबुवा कडाडले, "अगं, ही तर उपासाची गोष्ट! यात माया कुठाय?"

सगुणा हळूच म्हणाली, "बुवा, त्या दिवशी एकादशी नव्हती."

शास्त्रीबुवांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि तिच्यासाठी स्वतःच्या हातानं पाट मांडला.