शंभर दारांचं बारसं

त्या राज्यात सगळ्यांसाठी सगळं होतं. फक्त ते कुठे आहे, हे डोळ्यांना दिसावं लागे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी नदीकाठच्या मैदानात बाजार भरे आणि जो तो आपापल्या मालाचं नाव घेऊन ओरडे. कावळा औषध विकी, बेडूक बियाण्याचा पुकारा करी, आणि पाणी चढायचे दिवस आले की होला टेकडीवरच्या कोरड्या जागा वाटायला बसे. तो तर सकाळपासून एकाच सुरात घुमत राही. गोंगाट फार होता. मोर राजाचं डोकं दुखे. म्हणून राजाने बाजार उठवला आणि त्या जागी भराव घालून वर महाल बांधून घेतला.

महालाला शंभर दारं होती. एकामागे औषध, एकामागे बियाणं, एकामागे टेकडीवरची जागा. ज्याला जे हवं त्याने वरची कडी काढून ते दार लोटावं आणि घ्यावं. कुणाला विचारायला नको, कुणाशी बोलायला नको. दारं सगळी सारखी, भिंतीशी एकजीव, हात फिरवला तर कुठे भिंत संपली आणि कुठे दार लागलं ते कळू नये इतकी गुळगुळीत. आत काय आहे ते सांगणारं सुरेख चित्र मात्र प्रत्येकावर होतं. हे सारं काम सुगरण पाखराचं. तिने ते मायेने केलं होतं आणि राज्यात सगळ्यांना ते आवडलं होतं. म्हणजे, ज्यांनी पाहिलं त्यांना.

सुगरणीचं स्वतःचं घरटं एका बाभळीला टांगलेलं होतं आणि त्याच बाभळीच्या मुळाशी, बिळात, चिचुंदरी आत्या राहत होती. आत्याला डोळे होते, पण देवाने ते शोभेला दिले होते. ती भिंतीच्या कडेने चाले, नाकाने ओळखे, कानाने वळे. बाजारात ती जन्मात कधी चुकली नव्हती. यंदा तिच्या भावजयीला चार पिल्लं झाली होती. अजून त्यांचे डोळे उघडले नव्हते आणि नावंही ठेवलेली नव्हती. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि तो बाराव्या दिवशी. पण नदी काही बारशासाठी थांबणार नव्हती. तिचं पाणी रोज थोडं वर येत होतं. टेकडीवर जागा मिळाली नाही, तर ही चार पिल्लं बिळातच बुडणार, हे आत्याला कळत होतं.

आत्याचा एक वसा होता. ज्या दारी काही मागायला जायचं, त्याच्या उंबरठ्याला आधी हळदीचं बोट लावायचं आणि मगच तोंड उघडायचं. ती महालाशी आली आणि उंबरठा शोधू लागली. महालाला उंबरठा नव्हता. चाचपडताना जे पहिलं उंचवट्यासारखं लागलं, त्याला तिने भक्तिभावाने हळद लावली.

"ए, शेपटीला काय फासतेस?"

"अगंबाई! उंबरठा बोलला!"

"उंबरठा नाही, मी सरडा. द्वारपाल."

"मग असू दे लावलेली. वाया नाही जायची," आत्या म्हणाली. "सरडेभाऊ, टेकडीवरची जागा इथेच मिळते ना?"

सरड्याने मान हलवून होकार दिला. आत्या उत्तराची वाट पाहत राहिली. सरड्याने पुन्हा मान हलवली. बराच वेळ दोघंही एकमेकांच्या सभ्यतेवर खूश होते.

शेवटी सरडा म्हणाला, "आत जाण्याआधी तू दगड नाहीस हे सिद्ध करावं लागेल. मागे काही दगड गडगडत आत आले होते. या भिंतीवर पानं काढलीत, त्यातली आंब्याची दाखव."

"अरे, दगड असते तर बोलले असते का तुझ्याशी?"

"त्याचा यात संबंध नाही. पानं दाखव."

आत्याने भिंतीचा वास घेतला. सगळ्या पानांना रंगाचा वास होता. तेवढ्यात मागून कुणीतरी घसटत आलं. "मधली दोन, आणि कोपऱ्यातलं एक," तो म्हणाला. हा कासवदादा. तो बरेच दिवस महालात येत होता. आत एक घंटा होती. चौकात कुणी फार रेंगाळलं की ती वाजे आणि त्याला सुरक्षेसाठी उचलून सन्मानाने बाहेर ठेवण्यात येई. कासवदादा रोज दुसऱ्या चौकापर्यंत पोचे.

"चाल माझ्याबरोबर," तो आत्याला म्हणाला. "दार मला दिसतं, पण तिथवर पोचवत नाही. तू पोचशील, पण तुला दिसत नाही. दोघं मिळून एक धड जनावर होऊ."

कल्पना चांगली होती. पण त्याच्या चालीने आत्या थांबत थांबत गेली आणि पहिल्याच चौकात घंटा वाजली. त्या दिवशी दोघांनाही सन्मानाने बाहेर ठेवण्यात आलं.

आत्या कारभाऱ्याकडे गेली. कारभारी बगळा होता. तो एका पायावर उभा राहून सगळ्यांचं ऐकून घेई, म्हणून त्याचा मोठा लौकिक होता.

"बाई, महाल सर्वांना खुला आहे," बगळा म्हणाला.

"हो ना. पण कुठून?"

"समोरूनच."

आत्या समोर चार पावलं गेली आणि भिंतीवर आपटली.

"तशी तुमची अडचण समजते मला," बगळा म्हणाला. "पण महालात आजवर एकही चिचुंदरी शेवटपर्यंत आलेली नाही. जे येतच नाहीत, त्यांची सोय करायची तर कुणासाठी?"

तो इतक्या नम्रपणे बोलला, की आत्याला क्षणभर त्याचं पटलं. "येता आलं की येऊच हो आम्ही," ती म्हणाली.

तरी बगळा वाईट नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्याने महालाच्या वर एक सोनेरी फलक लावून घेतला. त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: दृष्टिहीनांचे येथे मनःपूर्वक स्वागत असो. फलक पाहायला गर्दी लोटली. आत्या त्याच्या खालून तीनदा गेली.

"कारभारीसाहेब," ती पुन्हा जाऊन म्हणाली, "मला स्वागत नको. त्या दारांना नावं नाहीत, ती ठेवा. कुणी नाव घेतलं तर मी येईन बरोबर."

"एवढंच ना!" बगळा म्हणाला. त्याने त्याच दुपारी आपली भावकी बोलावली, शंभर दारांचं बारसं एका दमात उरकलं आणि दारादारावर एकेक मैना बसवली. कुणी जवळ आलं की तिने त्या दाराचं नाव घ्यायचं.

आत्या आनंदाने आत गेली. आंब्याची पानं कुठली, ते कासवदादाने तिच्याकडून आधीच पाठ करून घेतलं होतं. पहिल्या दाराशी मैना म्हणाली, "दार." दुसरी म्हणाली, "दार." तिसरी म्हणाली, "दार." पुढे एक म्हणाली, "चित्र." एका दाराला बगळ्याच्या भाच्याने नाव ठेवलं होतं, "सुगरणीच्या दुसऱ्या टोपलीतलं चौथं." एका मैनेने राजाच्या कृपेने उगवलेल्या मंगल पहाटेचं असं लांबलचक वर्णन सुरू केलं, की ते संपेपर्यंत घंटा वाजली.

आत्या घरी आली. पाणी बाभळीच्या मुळाला लागलं होतं. बिळाच्या तोंडाशी चिखल झाला होता.

"मिळाली का जागा, वन्सं?" भावजयीने विचारलं.

"मिळेल," आत्या म्हणाली. "बारसं करून घेऊ आधी. बिननावाची पोरं कुठे न्यायची?"

तसं बारसं झालं. पाहुणे दोनच. एक कासवदादा, आणि दुसरी वरची शेजारीण म्हणून सुगरण. सुगरण जरा घुश्शातच आली होती. फलक लावला, नावं ठेवली, तरी खालची आत्या कुरकुरते, असं तिच्या कानावर आलं होतं.

"एवढ्या मायेने बांधलं मी," ती घुगऱ्या खाताना म्हणाली. "एक टाका चुकला असेल तर दाखवा."

"टाका कशाला चुकेल?" कासवदादा म्हणाला. "आत्या, नावं काय ठेवणार?"

आत्या पिल्लांजवळ सरकली. तिने एकेक पिल्लू हुंगलं. भावजयीला विचारलं, हे कसं रडतं, हे कुठल्या कुशीवर झोपतं, हे दूध कसं मागतं. त्या राज्यात रीतच तशी होती. ज्यांना जन्मभर हाक मारायची आहे, त्यांनी पिल्लू ओळखून नाव ठेवायचं. मग तिने एकेकाच्या कानात कुर्र केलं. वाळा. मरवा. दवणा. केवडा.

"चिचुंदरीच्या घरात अत्तराचं दुकान!" कासवदादा हसला. "जरा स्वस्तातली ठेवायची."

"हसा, हसा. तुमच्या पाठीला काय सुगंध सुटलाय!"

"बगळ्याला बोलवायला हवं होतं," कासवदादा म्हणाला. "त्याने एका दमात उरकलं असतं. पिल्लू, पिल्लू, पिल्लू, पिल्लू. हाक मारली की चारही येतील, नाहीतर एकही नाही."

भावजय हसली. आत्याही हसली. सुगरण हसली नाही. तिने "केवडा" अशी हळूच हाक मारून पाहिली. डोळे मिटलेल्या चौघांपैकी एकानेच तोंड तिच्याकडे वळवलं. तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा त्यानेच वळवलं. सुगरणीने घुगऱ्या खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बिळाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"आत्या, चला. कासवदादांना पण घ्या."

"कुठे?"

"बारशाला. दारांचं परवाचं धरायचं नाही. हाक मारणारं कुणी बोलावलंच नव्हतं."

ती त्यांना दारादाराशी घेऊन गेली. आत काय आहे ते तिने सांगायचं, आणि नाव आत्याने ठेवायचं. मैना मन लावून ऐकत होत्या. वाटेत धामण भेटली. ती म्हणाली, मला हात नाहीत आणि कडी वर आहे. सुगरणीने कडी खाली आणली. कासवदादा म्हणाला, घंटेचं काय? सुगरणीने घंटेचा लोलक काढला आणि तो आपल्या घरट्याला शोभेल का, असा विचार केला. प्रत्येक दाराच्या कडेला तिने गवताची एक जाड वेणी विणली, म्हणजे भिंतीच्या कडेने येणाऱ्याला दार लागलं हे कळावं. आत्याने त्या प्रत्येक वेणीला हळदीचं बोट लावलं.

"सरड्यालाही सांगा हो काही," ती म्हणाली.

"त्याला तोंडाने उत्तर द्यायला सांगितलंय. आणि जो बोलेल, तो दगड नाही असं धरायला."

बगळा एका पायावर उभा राहून सगळं पाहत होता. "हे फार अवघड असेल असं वाटलं होतं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पायावर उभा राहिला.

टेकडीच्या दाराचं नाव ठेवून झालं, तेव्हा नदीचं पाणी बिळात शिरू लागलं होतं. भावजय धावत आली. तिच्या शेपटीला वाळ्याने तोंडात धरलं होतं, वाळ्याच्या शेपटीला मरव्याने, मरव्याच्या दवण्याने, आणि शेवटी केवडा. पाच जणांची ओली माळ महालात शिरली आणि भिंतीच्या कडेने सुटली. "औषध," मैना म्हणाली. माळ पुढे गेली. "बियाणं." माळ पुढे गेली. "उंचावरची कोरडी जागा. कडी खाली, उजवीकडे." माळ थांबली. कडी वाजली. आत्या सगळ्यांत शेवटी आत गेली, आणि जाताना तिने मैनेच्या पायालाही हळद लावली.

कासवदादा संध्याकाळी पोचला. घंटा वाजली नाही.

टेकडीवर ऊन होतं. खाली पाणीच पाणी, आणि पाण्याच्या पलीकडे महाल. आता तिथे डोळसांचीही वर्दळ होती. लांडोर पाठीवर पिल्लं आणि चोचीत गाठोडं घेऊन जाई, मान वर न करता मैनांचं ऐके आणि हवं ते दार पायाने लोटी.

"काही म्हणा, चित्रं सुरेख आहेत हो त्या दारांवर," कासवदादा तिकडे पाहत म्हणाला. "निळी काय, पिवळी काय!"

केवडा आत्याच्या कुशीत होता. तो बोलायला लागला होता.

"आत्या, दारांवर चित्रं कशाला काढलीत?"

आत्याने थोडा विचार केला. या गोष्टीकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

"असतील रे कुणी, ज्यांना नाव ऐकून दार सापडत नाही," ती म्हणाली. "त्यांचीही सोय नको का करायला?"