आंबेडोहचा हिरवा ठिपका

"मग चूक नक्की कुणाची, सर? तुम्हीच सांगा."

हे विचारताना अभिरामचा एक पाय बुटात होता आणि एक बाहेर. दार उघडून दोन क्षणही झाले नव्हते.

डॉ. अभिराम केळुसकर हा माणूसच तसा. देशोदेशीच्या परिषदांत बोलून बोलून त्याला उंबऱ्याबाहेरच भाषण सुरू करायची सवय लागली होती. रानात, ओढ्यानाल्यांवर छोटी छोटी यंत्रं बसवायची, त्यांनी बिनतारी एकमेकांशी बोलायचं आणि पूर, वणवा, दरड यांची वर्दी माणसांना आधी द्यायची, हे त्याचं शास्त्र. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

ज्यांना तो विचारत होता ते सबनीस सर मिरजेच्या त्यांच्या घरात खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. हे शास्त्र त्याला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

सरांनी डावा हात उचलून समोरची खुर्ची दाखवली.

अभिरामने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि वर बघताना त्याला दिसलं. सरांचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. तोंडाची एक बाजू ओघळली होती.

"सर... हे कधी झालं?"

उत्तर आतल्या दारातून आलं. सरांची थोरली बहीण, मालूताई, पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"माघात झालं की. तुला ठाऊक नाही होय?"

"मला कुणी कळवलंच नाही, आत्या."

"तुझाही फोन नव्हता. आम्ही म्हटलं, असशील कामात."

"मीही म्हटलं, काही कळलं नाही म्हणजे सर बरे असतील."

मालूताईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. तांब्या स्टुलावर ठेवला.

"शब्द सुचतो त्याला. जिभेवर यायला वेळ लागतो. घाई करू नकोस बाबा," असं म्हणून त्या आत गेल्या.

अभिरामला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तो जे घेऊन आला होता त्यापुढे त्या वाईट वाटण्याला बसायला जागा नव्हती. सोमवारी त्याला चौकशी समितीसमोर उभं राहायचं होतं, आणि तिथे त्याच्या बाजूने बोलायला त्याला सर हवे होते.

तो खुर्चीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

चिपळूणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, आंबेडोह नावाची वाडी आहे. वाडीखालून ओढा जातो. ओढ्यावर साकव आहे, म्हणजे लाकडाचा अरुंद पूल. पावसाळ्यात वर डोंगरात ढग फुटला की ओढ्याला लोंढा येतो, आणि साकवावरच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. पूर्वी वरच्या घरातली माणसं पाणी दिसलं की खालपर्यंत ऐकू जाईल असा कुकारा घालायची. अभिरामने तिथे वर ओढ्यात एक यंत्र बसवलं आणि साकवापाशी भोंगा. पाणी चढलं की यंत्राने निरोप धाडायचा, निरोप आला की भोंग्याने बोंब ठोकायची. माणसांनी कुकारा घालणं सोडून दिलं. गरजच उरली नव्हती.

आता रानात वीज कुठली? बॅटरी पुरवून वापरायची, तर यंत्राने उगाच बोलता कामा नये. म्हणून अभिरामने नियम घातला. पाणी हललं तर बोल, नाहीतर गप्प राहा. गप्प आहेस म्हणजे सगळं ठीक आहे असं आम्ही धरून चालू.

या युक्तीने बॅटरी अख्खा पावसाळा पुरली. अभिरामला पारितोषिक मिळालं.

पुढल्या आषाढात यंत्राच्या डबीत पाणी शिरलं आणि ते बंद पडलं. बंद पडलं म्हणजे गप्प झालं, आणि गप्प झालं म्हणजे सगळं ठीक. कार्यालयातल्या पडद्यावर त्याचा ठिपका हिरवाच राहिला. श्रावणात लोंढा आला तेव्हा भोंगा वाजला नाही.

"त्यात एक जीवितहानी झाली," अभिराम म्हणाला.

त्या जीविताचं नाव पूर्वा शिगवण होतं. वाडीतली एक मुलगी, एवढंच तो म्हणाला होता. ती कॉलेजातून घरी येत होती. साकव ओलांडला की समोरच तिचं घर.

सरांनी डोळे मिटले होते. ऐकतात की झोपले, हे अभिरामला कळेना.

"मुद्दा असा आहे, सर," तो पुढे सरकून म्हणाला, "बंद पडलेलं यंत्र आणि गप्प बसलेलं यंत्र लांबून सारखंच दिसणार. यात माणसाने काय करायचं?"

सरांनी डोळे उघडले. ओठ हलले. शब्द यायला वेळ लागला.

"रोज... एक... हाक?"

अभिरामला कळलं. कळू नये असं त्यात काही नव्हतं. यंत्राने दिवसातून एकदा, काही झालेलं नसलं तरी, 'मी आहे' एवढं कळवायचं. ती हाक आली नाही, तर यंत्र मेलं असं समजायचं.

"होती, सर. आधी ठेवली होती ती हाक," तो म्हणाला. "पण तिला बॅटरी फार लागायची. काढली. म्हणून तर पावसाळाभर टिकली. त्याच्यावरच तर माझं सगळं..."

तो थांबला. मग जरा तिखट होऊन म्हणाला, "आणि हे तुमचंच शिकवणं आहे. सांगण्यासारखं नसेल तर यंत्राने तोंड उघडू नये. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतंत. आम्ही सगळे येताजाता तेच वाक्य म्हणायचो."

सर त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. डाव्या डोळ्यातलं पाणी त्यांनी पुसलं. उजव्या डोळ्यातलं तसंच गालावरून खाली आलं. त्या बाजूचं त्यांना समजत नसावं.

"माझंच... वाक्य," ते म्हणाले.

"समितीत कुणाला यातलं ओ की ठो कळत नाही, सर. पण तुमचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही एवढंच सांगायचं, की ही पद्धत मान्य आहे, सगळीकडे वापरतात. तुमचा एक शब्द पुरे आहे."

"सांगेन."

"नक्की? काय सांगाल?"

"चूक... माझी."

अभिरामच्या छातीवरचा दगड उतरला. "छे छे, सर, असं कसं, तुम्ही कशाला अंगावर घेता," असं तो म्हणाला खरा, पण आग्रहाच्या पंगतीत नको नको म्हणत ताट पुढे करावं तसं. आपल्याला हायसं वाटलं याची त्याला थोडी शरम वाटली. थोडीच. सोमवारी सरांना न्यायला गाडी पाठवतो, मालूताईंनाही बरोबर घेऊ, वाटेत त्रास होणार नाही हे बघतो, असं सगळं त्याने भराभर ठरवून टाकलं. पिशवी खांद्याला लावली. वाकून पुन्हा पायांना हात लावला.

"आई?" सर म्हणाले.

"काय, सर?"

"तिची... आई."

अभिराम उभ्याउभ्याच थबकला. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि ते चांगलं उत्तर होतं. गेले दोनअडीच महिने ते त्याला फार उपयोगी पडलं होतं.

"सुनंदावहिनी. त्यांचं काही नाही, सर. बाकी वाडी माझ्या नावाने शिमगा करते आहे. पण त्या बाईने एका शब्दाने मला बोल लावला नाही. फोन नाही, तक्रार नाही. समितीने बोलावलं, तिथेही आल्या नाहीत. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. मोठ्या मनाची बाई आहे."

सरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"खरंच सांगतो, सर. काही असतं तर बोलल्या असत्या ना?"

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार कोपऱ्यावर जाऊन विरेपर्यंत सर अभिरामच्या तोंडाकडे बघत होते. रागाने नव्हे. आपल्या पोराला लागलंय आणि त्याचं त्याला कळलेलं नाही, अशा वेळी माणूस बघतो तसं.

"तू... गेलास?"

"जायचं होतं. पण रस्ता वाहून गेला होता. मग ही चौकशी मागे लागली. आणि पुढे वाटलं, त्या गप्प आहेत, सावरल्या असतील, उगाच कशाला आपण..."

सरांनी डावा हात वर केला. अभिराम थांबला.

"पडदा... दाखव."

हे काम अभिरामच्या आवडीचं होतं. त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि सरांच्या मांडीवर ठेवला. चौकशी संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही असा समितीचा हुकूम होता, त्यामुळे सगळं जसंच्या तसं चालू होतं. पडद्यावर डोंगर उमटला, ओढ्याची निळी रेघ उमटली, आणि रेघेच्या कडेने यंत्रांचे ठिपके. सगळे हिरवे.

सरांनी डावं बोट साकवावर ठेवलं. तिथून ते ओढ्याच्या रेघेवरून हळूहळू वर सरकू लागलं. बोट रेघ सोडत नव्हतं. सगळ्यात वरच्या ठिपक्यापाशी ते थांबलं.

"हे?"

"हेच ते, सर."

"कुठं... आहे?"

"आता नाही. लोंढ्यात वाहून गेलं. आम्ही शोधलं खूप, तुकडाही मिळाला नाही."

सरांनी बोट उचललं नाही.

अभिरामने त्या बोटाकडे पाहिलं. मग बोटाखालच्या ठिपक्याकडे पाहिलं. हा पडदा त्याने समितीला दाखवला होता, वकिलाला दाखवला होता, वर्तमानपत्रवाल्यांना दाखवला होता. आपलं काही चुकलं नाही याचा तोच पुरावा म्हणून दाखवला होता. यंत्र जागेवर नाही, जगातच नाही, आणि तरी त्याच्याच नियमाप्रमाणे आजही तिथे सगळं ठीक आहे, हे इतक्या वेळा पाहून त्याला एकदाही दिसलं नव्हतं.

त्याने पिशवी खांद्यावरून काढली. खुर्चीवर बसायचं सोडून तो सरांच्या पायाशी जमिनीवरच बसला.



"सर," तो म्हणाला, "यंत्र बसवायला गेलो होतो तेव्हा मी शिगवणांकडेच जेवायचो. नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. पूर्वा वाढायला यायची. मला खूप प्रश्न विचारायची. हे कसं बोलतं, इतक्या लांब कसं ऐकू जातं. हुशार होती."

तिचं नाव त्याच्या तोंडून आज पहिल्यांदाच निघालं होतं.

"भोंगा बसवला त्या दिवशी वहिनींनी मला विचारलं. ओटीवर बसून शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, 'भाऊ, भोंगा नाय वाजला म्हंजे पोरीला जायायेयला हरकत नाय ना?'"

त्याने सरांच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून मिटला.

सर थांबले. घाई त्यांनाही नव्हती.

"मी म्हटलं, खुशाल जाऊ दे, वहिनी. भोंगा गप्प आहे तोवर काळजीच करू नका. असंच म्हटलं मी. हे समितीला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. त्यांना आणि मला..."

आणि तो रडू लागला. परिषदा गाजवणारा, भल्याभल्यांना वादात गप्प करणारा तो माणूस लहान मुलासारखा हुंदके देत रडला. आतून मालूताई दारापर्यंत आल्या, त्यांनी पाहिलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरल्या. सरांनी आपला चालता हात त्याच्या डोक्यावर ठेवला. त्यांचाही चेहरा भिजला होता. त्या मुलीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण रडताना दोघांच्याही मनात तीच होती.

समितीचा विषय अभिरामच्या डोक्यातून कुठल्या कुठे गेला होता.

रडणं ओसरल्यावर त्याने बाहीने तोंड पुसलं. सगळ्या जगाशी कुठल्याही विषयावर बोलू शकणाऱ्या त्या माणसाने वर बघून विचारलं,

"मी त्यांच्याशी काय बोलू, सर? कुठल्या तोंडाने जाऊ? गेल्यावर पहिला शब्द काय बोलू?"

सरांनी मान हलवली. मग एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले,

"तू... नको बोलूस. जा... तिच्या दारात बस. ती बोलेपर्यंत... उठू नकोस."