चिखलातला काजवा

काजवे दिव्याचं काम करायचे, त्या काळातली गोष्ट. सुगरणीच्या पिल्लाला अंधाराची फार भीती वाटे. म्हणून त्याच्या बाबांनी घरट्यात ओल्या चिखलाचा गोळा लावला आणि त्यात एक काजवा चिकटवून दिला.

पिल्लू हरखलं. पण उजेड सारखा थरथरत होता, त्यामुळे त्याची भीती काही पुरती जाईना.

“काय झालं रे?” पिल्लानं विचारलं.

“भीती वाटतेय,” काजवा म्हणाला. “आई खाली गवतात मला शोधत असेल.”

पिल्लानं एकदा बाहेरच्या काळोखाकडे पाहिलं. मग ते चोचीनं चिखल उकरू लागलं. काजवा सुटला, भुर्रकन उडाला आणि घरटं काळंकुट्ट झालं.

आईनं पिल्लाला पंखाखाली ओढलं. “आता भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” पिल्लू म्हणालं. “पण मघाशी दोघांना वाटत होती. आता मला एकट्यालाच वाटते.”